सामाजिक संवादात अडचणी असलेल्या मुलांचे अभिवादन-शिक्षण

भेट झाल्यावर, निरोप घेताना किंवा वाटेत ओळखीचे माणूस दिसल्यावर करावयाचे रोजचे व्यवहार सामाजिक संवादात अडचणी असलेल्या मुलांना शिकवणे, म्हणजे अभिवादन-शिक्षण होय. स्वमग्नता, सामाजिक संवादाचा विकार, बौद्धिक अक्षमता किंवा उशिरा येणारी भाषा अशा निरनिराळ्या कारणांनी या अडचणी उद्भवतात. यांपैकी बोलू शकणाऱ्या मुलांना 'नमस्कार' हा शब्द सहसा उच्चारता येतो. तो कोणाला, केव्हा, किती वेळा आणि कोणत्या रूपात म्हणावयाचा, हे ठरवणे मात्र त्यांना अवघड जाते. म्हणून हा विषय जितका वाचा-उपचाराचा, तितकाच घर, शाळा आणि शेजार यांचा आहे. अभिवादनाचे संकेत भाषेगणिक आणि वस्तीगणिक बदलतात. प्रस्तुत लेखात मराठी व्यवहार प्रामुख्याने विचारात घेतला असून नाशिक शहरातील सातपूर या औद्योगिक उपनगराचा संदर्भ विशेषत्वाने दिला आहे.

संकल्पना

अभिवादनातून माहितीची देवाणघेवाण जवळजवळ होत नाही. 'काय, कसं काय?' असे विचारणाऱ्यास सविस्तर उत्तर अपेक्षित नसते. केवळ संबंध जोडून ठेवण्यासाठी केल्या जाणाऱ्या अशा बोलण्याकडे मानवशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव्ह मालिनोव्हस्की यांनी १९२३ मध्ये लक्ष वेधले. शब्दांचा अर्थ जसाच्या तसा घेणाऱ्या मुलाला नेमके हेच बोलणे निरर्थक वाटू शकते.

लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध करून स्वमग्नतेचे पहिले सविस्तर वर्णन केले. ऐकलेले वाक्य जसेच्या तसे उच्चारणे आणि स्वतःसाठी 'तू' वापरणे या दोन्ही लक्षणांची नोंद त्यांत आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेच्या २०१३ मधील पाचव्या आवृत्तीत सामाजिक संवादाचा विकार हे स्वतंत्र निदान समाविष्ट झाले. त्याच्या पहिल्याच निकषात, प्रसंगाला साजेसे अभिवादन करण्यातील अडचणीचा उदाहरणादाखल उल्लेख आहे. पीटर हॉब्सन आणि टोनी ली यांनी १९९८ मध्ये केवळ भेट आणि निरोप या दोन क्षणांचा अभ्यास केला. स्वमग्न मुले, तशाच क्षमतेच्या इतर मुलांच्या तुलनेत, आपणहून अभिवादन कमी करतात आणि निरोपही कमी घेतात, असे त्यांना आढळले.

अर्थात इतर मुलेही अभिवादन आपोआप शिकत नाहीत. जीन बर्को ग्लिसन आणि एस्थर ग्रीफ यांच्या १९८० च्या अभ्यासात पालक मुलांना भेटीचे, आभाराचे आणि निरोपाचे शब्द पुन्हापुन्हा सुचवताना आढळले. मराठी घरातील 'काकांना नमस्कार कर बघू' हे वाक्य त्याच जातीचे आहे. फरक असा की बहुसंख्य मुले काही वर्षांत या सूचनेतून बाहेर पडतात, तर काहींना प्रत्येक पायरी वेगळी करून दाखवावी लागते.

'स्वमग्नता' हा ऑटिझमसाठी रूढ झालेला मराठी शब्द मूल स्वतःतच रमलेले आहे, त्याला इतरांत रस नाही, असे सुचवतो. प्रत्यक्षात अभिवादनाला उत्तर न देणारे मूल पुष्कळदा समोरच्याकडे लक्ष देऊन असते. त्याला फक्त आपली पाळी केव्हा आली हे उमगत नाही. शब्द रूढ असल्याने येथे वापरला आहे.

मराठी अभिवादनातील सोपे आणि अवघड

अभिवादन-शिक्षणाचे उपलब्ध साहित्य बहुतांशी इंग्रजीत असून ते जसेच्या तसे मराठीत आणल्याने अडचणी निर्माण होतात. उदाहरणार्थ, त्यात आभार मानण्यास मोठे स्थान असते. मराठी घरात आईने वाढलेल्या पोळीसाठी मुलाने 'धन्यवाद' म्हणणे नाटकी ठरते. मराठी मुलाला भेडसावणारे प्रश्न वेगळेच आहेत.

त्यांपैकी पहिला समरूपतेचा. 'राम राम', 'जय भीम', 'नमस्कार', 'जय हरी' या अभिवादनांचे उत्तर त्याच शब्दांनी दिले जाते. जे मूल ऐकलेलेच परत उच्चारते, त्याचे उत्तर येथे अनायासे बरोबर येते. ज्या सवयीला एरवी दोष मानले जाते, तीच या ठिकाणी उपयोगी पडते. उलट 'कसा आहेस?' याला 'कसा आहेस?' असे उत्तर चुकीचे ठरते. अपेक्षित उत्तर देण्यासाठी 'कसा'चे 'बरा' आणि 'आहेस'चे 'आहे' असे दोन बदल एकाच वेळी करावे लागतात. शिक्षणाचा आरंभ समरूप अभिवादनांपासून करणे यामुळे सोयीचे ठरते.

दुसरा प्रश्न आदरार्थी रूपांचा. मूल दिवसभर 'ये', 'बस', 'जेव' ही आपल्याला उद्देशून केलेली रूपे ऐकते. दारात आलेल्या पाहुण्यास ते त्याच रूपात 'ये, बस' म्हणते आणि उद्धट ठरते. 'या, बसा' हे रूप त्याच्या कानी पडते ते मोठ्यांच्या आपसातील बोलण्यातून, आणि दुसऱ्यांचे बोलणे ऐकून ते उचलणे हेच अशा मुलांना जड जाते. येथे व्याकरण समजावण्यापेक्षा 'या, बसा' ही जोडी पाहुण्यांच्या खुर्चीशी आणि दाराशी बांधून टाकणे अधिक फलदायी होते.

तिसरा प्रश्न लिंगभेदाचा. लहान मुलांच्या आसपास आई, शिक्षिका, अंगणवाडी सेविका, उपचारतज्ज्ञ अशा बहुधा स्त्रियाच असतात. त्यांचे वाक्य जसेच्या तसे उचलणारा मुलगा 'मी येते' म्हणतो आणि सोबतच्या मुलांच्या हसण्याचा विषय होतो. अशा मुलासाठी वडील, मोठा भाऊ किंवा चुलता यांच्या तोंडचे वाक्य नमुना म्हणून ठेवावे लागते.

'येतो' या शब्दाचाही एक पेच आहे. जाताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावे हा संकेत मराठी माणसाच्या अंगवळणी पडलेला असतो; परंतु शब्दशः अर्थ घेणाऱ्या मुलाला निघालेले माणूस 'येतो' म्हणाले की ते आताच परत येणार असे वाटते, आणि काही मुले दाराशी वाट पाहत थांबतात. 'जेवलात का?' या प्रश्नाचेही तसेच. दुपारी चार वाजता विचारलेल्या या प्रश्नावर काय काय खाल्ले याची यादी देणारे मूल चुकीचे काही करत नसते. ही वाक्ये 'भेटीची वाक्ये' म्हणून वेगळी दाखवली, तर त्यांचे ठरीव उत्तर शिकता येते.

याउलट सणांची अभिवादने सर्वांत सुलभ असतात. संक्रांतीस हातात तिळगूळ असतो, वाक्य ठरलेले असते आणि दिवसही ठरलेला असतो. दसऱ्याला आपट्याचे पान देताना तसेच घडते. हातातील वस्तूच मुलाला 'आता बोलावयाचे' याची आठवण करून देते, आणि घरोघरी तोच प्रसंग वीस-पंचवीस वेळा घडल्याने भरपूर सराव होतो. ग्लिसन आणि सँड्रा वाइनट्रॉब यांनी १९७६ मध्ये अमेरिकेतील हॅलोविनच्या रात्री दारोदार जाणाऱ्या मुलांचे बोलणे नोंदवून अशा ठरीव वाक्यांचा अभ्यास केला होता. त्या अभ्यासाला मराठीत जोड शोधायची झाल्यास ती संक्रांतीची संध्याकाळ होय.

पाया पडणे हा प्रकार मिश्र स्वरूपाचा आहे. त्यात शब्द लागत नाहीत, कृती ठरलेली असते, म्हणून तो सोपा. परंतु वाकल्यानंतर डोक्यावर हात ठेवला जातो, आणि स्पर्श सहन न होणारी मुले त्याच क्षणी दूर पळतात. हात न ठेवता आशीर्वाद द्यावा, एवढे घरातील वडीलधाऱ्यांना आधी सांगितल्यास पुष्कळ प्रसंग निभावतात.

सातपूरचा संदर्भ

सातपूर हे नाशिक–त्र्यंबकेश्वर मार्गावरील उपनगर महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतीमुळे वाढले. ते नाशिक महानगरपालिकेच्या सहा विभागांपैकी एक आहे. कारखान्यांतील कामाच्या निमित्ताने नाशिक जिल्ह्याच्या ग्रामीण भागातून, खानदेशातून, मराठवाड्यातून तसेच उत्तर भारतातून आलेली कुटुंबे येथे शेजारी शेजारी राहतात. एकाच जिन्यावर मराठी, अहिराणी आणि हिंदी ऐकू येते. एका दारात 'राम राम', दुसऱ्यात 'जय भीम', तिसऱ्यात 'सलाम' अशी अभिवादने होतात.

भाषेचा उशीर असलेल्या मुलाशी एकच भाषा बोलावी, असा सल्ला अशा कुटुंबांना अनेकदा दिला जातो. एकाहून अधिक भाषा कानी पडल्याने स्वमग्न मुलांचे नुकसान होते, याला संशोधनाचा आधार मिळालेला नाही. अहिराणी बोलणाऱ्या आजीशी नातवाचा संबंध ज्या शब्दांनी जुळतो, तेच शब्द काढून टाकल्यास अभिवादनाचा हेतूच उरत नाही. दार आणि माणूस यांच्याशी अभिवादन जोडून शिकवले, तर अनेक भाषांची वस्ती अडसर ठरत नाही. प्रत्येक दाराचे अभिवादन मुलाला वेगळे लक्षात ठेवता येते.

पाळ्यांच्या कामाचा परिणामही विचारात घ्यावा लागतो. रात्रपाळी करून सकाळी परतलेले वडील झोपण्याच्या तयारीत असतात, तेव्हाच मूल शाळेसाठी उठते. 'शुभ सकाळ' आणि 'शुभ रात्री' ही घड्याळाला बांधलेली, पाठ्यपुस्तकी अभिवादने या घरात गोंधळ उडवतात. पाळी दर आठवड्याला बदलत असल्यास हा गोंधळ अधिक वाढतो. 'बाबा आले' आणि 'बाबा निघाले' या घटनांशी जोडलेले अभिवादन कोणत्याही पाळीत चालते. चपला, डबा किंवा दुचाकीची किल्ली ही त्यासाठी चांगली दृश्य खूण ठरते.

पौष महिन्यात संत निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकेश्वरला जाणाऱ्या दिंड्या सातपूरमार्गे जातात. वारकरी परस्परांना 'माऊली' म्हणतात आणि वयाचा विचार न करता एकमेकांच्या पाया पडतात. लहान मुलापुढेही ज्येष्ठ वारकरी वाकतो. काका की मामा, तू की तुम्ही, आधी कोणी बोलावयाचे, हे सर्व निर्णय या एका शब्दाने टळतात. अभिवादनातील अवघड भाग शब्दाचा नसून निवडीचा आहे, हे यातून स्पष्ट दिसते. गर्दी, टाळ-मृदंग आणि ध्वनिवर्धक यांचा त्रास होणाऱ्या मुलांसाठी मात्र दिंडी रस्त्याच्या कडेने, थोड्या अंतरावरूनच पाहणे इष्ट.

शिकवण्याच्या पद्धती

सर्वमान्य अशी एकच पद्धत नाही. बहुतेक पद्धतींत एक माणूस, एक ठिकाण आणि एक वेळ निवडून आरंभ केला जातो. रोज दारी येणारा दूधवाला, शाळेच्या गाडीतील मावशी किंवा कोपऱ्यावरील किराणा दुकानदार हे यासाठी नातेवाइकांपेक्षा उपयुक्त ठरतात, कारण ते नेमाने भेटतात, थोडाच वेळ थांबतात आणि परीक्षा घेत नाहीत.

सूचना देण्याची रीत येथे निर्णायक असते. समोर उभे राहून आई 'म्हण, नमस्कार म्हण' म्हणाली, तर मूलही 'म्हण, नमस्कार म्हण' असेच म्हणते. यावर दोन मोठ्या माणसांची पद्धत वापरली जाते. एक जण समोरून अभिवादन करतो. दुसरा मुलाच्या मागे बसून, मुलाच्या वतीने, फक्त उत्तराचा शब्द हळू आवाजात उच्चारतो किंवा त्याचे हात जुळवण्यास मदत करतो. ही मदत टप्प्याटप्प्याने कमी केली जाते. आधी पूर्ण शब्द, मग पहिले अक्षर, मग केवळ खांद्याला हलका स्पर्श आणि अखेरीस काहीच नाही. मदत काढून घेण्याचे हे काम विसरले गेल्यास मूल समोरच्या माणसाऐवजी मागच्या सूचनेचीच वाट पाहू लागते.

थांबण्यालाही तितकेच महत्त्व आहे. अनेक मुलांना ऐकलेले समजून उत्तर जुळवण्यास वेळ लागतो. अभिवादन करणाऱ्याने मनात दहापर्यंत आकडे मोजेपर्यंत शांत राहिल्यास उत्तर येण्याची शक्यता वाढते. व्यवहारात मात्र दोन क्षणांतच 'लाजतो वाटतं' असे म्हणून विषय बदलला जातो, आणि मुलाचे उत्तर रिकाम्या खोलीत पडते.

अमेरिकेतील शिक्षिका कॅरोल ग्रे यांनी १९९१ मध्ये सामाजिक गोष्टींची पद्धत मांडली. त्यात एखादा प्रसंग लहान, सरळ वाक्यांत, मुलाच्या दृष्टीने सांगितला जातो. आज्ञा कमी आणि वर्णन अधिक असे तिचे स्वरूप असते. मराठीत अशी गोष्ट पुढीलप्रमाणे लिहिता येईल: "संध्याकाळी आजोबा फिरून येतात. बेल वाजते. आजोबा मला 'राम राम' म्हणतात. मीही 'राम राम' म्हणू शकतो. कधी मला बोलावेसे वाटत नाही, तेव्हा मी हात जोडतो. आजोबांना दोन्ही आवडते." ही गोष्ट प्रसंगापूर्वी, शांत वेळी वाचून दाखवायची असते. मूल चुकल्यानंतर ती वाचल्यास तिची शिक्षा होते.

मार्जोरी चार्लोप आणि जेनिस मिलस्टीन यांनी १९८९ मध्ये स्वमग्न मुलांना चित्रफीत दाखवून संभाषण शिकवण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्या काळी यासाठी वेगळी सामग्री लागत असे. आज घरातील मोबाइलवर अर्ध्या मिनिटाची चित्रफीत सहज तयार होते. 'येतो' म्हणणारा मोठा भाऊ किंवा वडील त्यात असल्यास वर उल्लेखिलेला 'येते'चा प्रश्नही सुटतो. पॅट्रिशिया क्रान्ट्झ आणि लिन मॅकक्लॅनहन यांनी १९९३ मध्ये वर्णिलेल्या पद्धतीत बोलावयाचे वाक्य कागदावर लिहून देतात आणि ते शेवटाकडून एकेक शब्दाने कमी करीत नेतात. ती वाचता येणाऱ्या मुलांसाठी आहे.

शाळेत शिक्षिका वर्गात येताच सर्व मुले एका सुरात 'नमस्ते बाई' म्हणतात. या सुरात एखादे मूल मिसळते तेव्हा ते अभिवादन शिकले असा समज होतो. प्रत्यक्षात तीच शिक्षिका बाजारात भेटल्यास ते मूल गप्प राहते. अलीकडे काही शाळांत वर्गाच्या दारावर नमस्कार, हात हलवणे, टाळी देणे अशी चित्रे लावून प्रत्येक मुलाला त्यांतून निवड करू देतात. यात मूल एकट्याने, आपल्या पाळीला आणि आपल्या पसंतीने अभिवादन करते, म्हणून सामूहिक सुरापेक्षा हा सराव अधिक उपयोगी आहे.

न बोलणाऱ्या मुलांसाठी चित्रपत्ते आणि मोबाइलवरील संवादसाधने उपलब्ध आहेत. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत विकसित झालेले 'जेलो' हे साधन मराठीतही वापरता येते, आणि त्यात अभिवादन व भावना यांसाठी वेगळा विभाग आहे. चित्राला बोट लावताच साधनातून शब्द ऐकू येतो. हेही पूर्ण अभिवादनच असून त्यानंतर 'आता तोंडाने म्हण' असा आग्रह धरणे अनाठायी ठरते.

अतिरिक्त अभिवादन आणि सुरक्षितता

काही मुलांची अडचण उलट असते. ती एकाच व्यक्तीला दहा वेळा नमस्कार करतात, अथवा रस्त्यावरील प्रत्येकाला अडवून नाव विचारतात, बिलगतात. लहान वयात याचे कौतुक होते. वय वाढले की तेच वागणे धोकादायक ठरते, आणि तोपर्यंत सवय पक्की झालेली असते. अवजड वाहनांची सतत ये-जा असलेल्या, अनोळखी माणसांनी भरलेल्या औद्योगिक परिसरात या गोष्टीकडे दुर्लक्ष करता येत नाही.

'एका दिवसात पहिल्या भेटीला नमस्कार, नंतर फक्त हसणे' असा स्पष्ट नियम अनेक मुले सहज पाळतात. नियम आवडणे हा त्यांचा स्वभावच असतो. त्याचप्रमाणे कागदावर वर्तुळात वर्तुळ काढून घरचे, शेजारचे, तोंडओळखीचे आणि अनोळखी असे गट दाखवले जातात आणि प्रत्येक गटासाठी वेगळी कृती ठरवली जाते. सर्वांना 'काका' आणि 'मावशी' म्हणण्याच्या मराठी रीतीमुळे हे गट पुसट होतात, हे मात्र शिकवणाऱ्याने ध्यानात ठेवावे लागते. आईची बहीणही 'मावशी' आणि बसमध्ये शेजारी बसलेली बाईही 'मावशी', हे मुलाला कोड्यात टाकणारे आहे. त्यासाठी छायाचित्रे वापरणे सोयीचे होते.

मतभेद

डोळ्यांत पाहून अभिवादन करण्याची सक्ती पूर्वीच्या अनेक कार्यक्रमांत केली जात असे. नजर भिडवणे त्रासदायक होते, आणि त्या प्रयत्नात बोलणे ऐकू येईनासे होते, असे अनेक स्वमग्न प्रौढांनी लिहिले आहे. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन, जे स्वतः स्वमग्न आहेत, यांनी २०१२ मध्ये असे प्रतिपादन केले की संवादातील तुटकपणा दोन्ही बाजूंचा असतो. स्वमग्न माणसाला इतरांचे जितके समजत नाही, तितकेच इतरांनाही त्याचे समजत नाही. ही भूमिका मान्य केल्यास अभिवादन-शिक्षणाचा निम्मा भाग शेजारी, नातेवाईक आणि शिक्षक यांच्यासाठी असावा लागतो. दुसरीकडे, काहीही न शिकवता मुलाला एकटे सोडणे हाही आदर नव्हे, असे अनेक पालकांचे म्हणणे असते.

भारतीय कुटुंबात हा प्रश्न आईवर येऊन थांबतो. मुलाने उत्तर दिले नाही की 'संस्कार नाहीत' असा शेरा तिलाच ऐकावा लागतो. परिणामी हळदीकुंकू, लग्ने, बारशी येथे मुलाला नेणे बंद होते आणि ज्या ठिकाणी अभिवादनाचा सर्वाधिक सराव झाला असता, तीच ठिकाणे त्याला दुरावतात. मुलाचे निदान लोकांना सांगावे की नाही हा कुटुंबाचा प्रश्न आहे. परंतु 'त्याला थोडा वेळ द्या, तो हात हलवून उत्तर देतो' एवढे सांगण्यासाठी निदान सांगावे लागत नाही.

महाराष्ट्रातील व्यवस्था

१९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यात स्वमग्नतेचा समावेश नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत ती, तसेच वाचा व भाषा यांविषयीचे दिव्यांगत्व, समाविष्ट झाले. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे झाला. विकासातील विलंब हा त्याच्या चार मुख्य विषयांपैकी एक असून पुढील मदतीसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना आहे. अंगणवाडी आणि शाळा येथे होणारी ही तपासणी कामगार वस्तीतील कुटुंबांना बिनखर्चात उपलब्ध असते.

नाशिकमध्ये विशेष मुलांच्या शिक्षणाची परंपरा जुनी आहे. रजनी लिमये यांनी १९७७ मध्ये येथे बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी प्रबोधिनी ही शाळा सुरू केली. वाचा व श्रवण उपचाराचे महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रम नाशिक येथे मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. मुंबईतील 'उम्मीद' हे २००१ मध्ये स्थापन झालेले बालविकास केंद्र उपचारांबरोबरच पालक, शिक्षक आणि कार्यकर्ते यांना प्रशिक्षण देते.